आपलेच पेशंट आणि शुक्रवारचा पगार

छोट्या हॉस्पिटलात हिशेब सांभाळणाऱ्याकडे पैसे टिकत नाहीत, किस्से मात्र ढिगानं साठतात! ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत ॲन आर्बरपासून तासाभरावर, नागपूरच्या एका डॉक्टरांनी हॉस्पिटल काढलं होतं. फी वसूल करणं आणि दर शुक्रवारी स्टाफचे पगार देणं, दोन्ही माझ्या गळ्यात.

*

मराठी पेशंट आला की डॉक्टर विचारणार, "कुठले तुम्ही?" अकोला म्हणा, सातारा म्हणा, "अरे, म्हणजे आपलेच!" झालं, फी कॅन्सल! दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा हजर.

मी वैतागून म्हटलं, "डॉक्टर, नर्सेसचा पगार चिवड्यात करू का?"

"तिखट कमी असेल तर विचारून बघ यार, घेतील!"

*

एकदा मी हिय्या करून एका इंजिनिअरला बिल पोस्टानं पाठवलं. त्याच्या बायकोचा थेट डॉक्टरांच्या घरी रडवेला फोन, "काकू, आमचं काही चुकलं का हो?"

काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, मलाच शिऱ्याचा डबा देऊन त्यांची समजूत काढायला पिटाळलं. फी राहिली बाजूला, वर पेट्रोल माझं!

*

आमची हेड नर्स बेटी. एकटीनं दोन मुलं वाढवत होती. तिनं मला तोंडावर सांगितलं होतं, "पगाराचा चेक एकदा जरी बाउन्स झाला, तरी मी दुसरीकडे जाणार."

तिच्यामागून बाकीच्या नर्सेसही गेल्या असत्या, आणि मग हॉस्पिटलला कुलूपच. मला झोप लागायची नाही.

*

आणि ते लक्ष्मीपूजन! नेमका शुक्रवार. इन्शुरन्सचे पैसे सोमवारी येणार, बँकेत खडखडाट.

"तू चेक लिही, होईल काहीतरी," डॉक्टर म्हणाले. काकूंनी ते चेक पूजेत मांडले आणि सगळ्या स्टाफला घरी बोलावलं.

पूजा झाली. बेटीनं पुढे होऊन आपला चेक उचलला.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "अगंबाई, आज लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत! उद्या न्या म्हणावं."

मी चाचरत इंग्रजीत सांगितलं. बेटी चेक हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मेलो, आता ही जाते!

तिनं चेक परत लक्ष्मीपुढे ठेवला आणि हळूच मला म्हणाली, "उद्या कशाला? सोमवारी घेऊ. दुपारी हॉस्पिटलात बँकेचा फोन आला होता, खात्यात पैसे नाहीत म्हणून; मीच घेतला. मी त्यांना सांगूनच आलेय, सोमवारच्या आधी आमचा एकही चेक येणार नाही!"