बर्फाची आंघोळ

आमच्या घरी बर्फ पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला कढत पाण्याने आंघोळ घालण्यात आली.

बर्फ आणला मी, आणि तो आणावा लागला भाऊजींमुळे. आमची ताई कल्याणला दिलेली. तिचे यजमान दिवाळसणाला आम्ही दिलेल्या पागोट्यावरून जे रुसले (रंग म्हणे सासऱ्यांच्या वयाचा होता!), ते वैशाख उजाडला तरी रुसलेलेच. ताईला माहेरी पाठवीनात. शेवटी निरोप आला: 'घेऊन येतो. मन रमलं तर राहील, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत नेतो.' आई तेव्हापासून देवासमोरून हलेना. लेकीला पाहून सहा महिने होऊन गेले होते.

"त्यांना उष्णतेचा फार त्रास आहे हो," आई म्हणाली. "रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. म्हणून तर चिडचीड."

"मग थंडगार पन्हं पाजू!" मी म्हणालो. "मी मुंबईहून बर्फ आणतो."

मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात दुभाष्या होतो. मराठी, संस्कृत, फारशी, इंग्रजी अशा चार भाषा मला येत, आणि कुठे गप्प बसावे हे त्यांपैकी एकीतही येत नसे. त्या काळी बर्फ अमेरिकेतून गलबतात भरून मुंबईस येई. मी चांगला कलिंगडाएवढा तुकडा घेतला, लाकडाच्या भुशात घोळवला, घोंगडीत गुंडाळला आणि मूल घ्यावे तसा मांडीवर घेऊन आगगाडीने ठाण्यास आलो. मांडी बधिर झाली, पण बर्फ शाबूत होता.

दारात आत्या उभी. आमची ही विधवा आत्या सोवळ्याची इतकी कडक, की कावळासुद्धा आमच्या ओसरीवर पाय झाडून बसे.

"विष्ण्या, हे काय?"

"बर्फ."

"कुठला?"

"अमेरिकेतला!" (इथे 'मुंबईचा' म्हणालो असतो तर पुढचे काही घडले नसते. पण विद्या गप्प बसू देते होय?)

"अगं बाई! म्लेंच्छांच्या देशातलं पाणी? ते माझ्या स्वयंपाकघरात? आधी आंघोळ घालीन त्याला, मग आत!"

"आत्या, अगं वितळेल तो!"

"गंगेत माणसं बुडी मारतात, ती वितळतात का?"

मी पुढे काही बोलायच्या आत तिने जावयासाठी तापवलेल्या पाण्याचा तांब्या बर्फावर ओतला. बर्फ कडाडकन वाजला. "बघ! पाप निघालं!" म्हणून तिने दुसरा तांब्या ओतला. मग भुसा चिकटलेला दिसला म्हणून तिसरा!

नारळाएवढा उरला तो मी पुन्हा घोंगडीत गुंडाळला आणि पाय धुवायला गेलो. परत येतो तो अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, घोंगडी काढून बर्फ ओसरीवर परातीत मोकळा ठेवलेला.

"अरे, वैशाखात घोंगडी कसली? उबेनं विरघळेल तो! जरा वारा लागू दे त्याला," अण्णा म्हणाले, आणि स्वतः पंख्याने वारा घालू लागले. गरम वारा!

एवढ्यात भाऊजी आले. मागे ताई, डोळे खाली. भाऊजींनी परातीकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बर्फ? हा शब्दच मुळी यवनी. आपल्या शास्त्रात कुठं आहे हा पदार्थ? मी नाही घेणार."

आईचा चेहरा पडला. पन्ह्यात पटकन तुकडा टाकून गोड बोलून पेला हाती दिला असता तर काम झाले असते. पण माझ्यातला दुभाष्या जागा झाला.

"भाऊजी, शब्द फारशी आहे, पदार्थ आपलाच!" मी मांडी ठोकून बसलो. "आपलं ते हिम. हिमावरून हिमालय, हिमावरून हेमंत, आणि आपला हिवाळाही त्याच घरातला!"

"हिवतापही त्यातलाच ना? तो पाजणार मला?"

"तसं नव्हे! याच हिमाचे सोयरे थेट रोमी लोकांच्या हिवाळ्यापर्यंत पोचलेत. साहेबाच्या 'आइस'चं गोत्र मात्र निराळं, ते जर्मनांकडचं. शिवाय आपल्याकडे तुषार आहे, तुहिन आहे, प्रालेय आहे..."

दाराआडून आईच्या बांगड्या वाजल्या. मला वाटले, शाबासकी! मी नीहारावर आलो. बांगड्या आणखी जोरात वाजल्या. मी गारांवर घसरलो.

"विष्ण्या!" आत्या ओरडली. "तुझं हिम गेलं रे!"

परातीत नुसते पाणी होते. त्यात भुशाचा एक कण तरंगत होता. आणि भाऊजी? भाऊजी खांबाला टेकून, तोंड उघडे टाकून घोरत होते.

त्यांना उठवायची कोणाची छाती होईना. गाडीची वेळ टळली, दिवे लागले. ताई रडवेली झाली, आई देवाला नवस बोलू लागली, आणि सगळे घर माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागले.

भाऊजी जागे झाले. आळस दिला. प्रथमच त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

"सासूबाई," ते म्हणाले, "दिवाळीपासून असा डोळा लागला नव्हता. हिला राहू द्या वैशाखभर. मीही चार दिवस राहीन म्हणतो."

आईने तिथेच ताईला पोटाशी धरले. मला फार बरे वाटले, ते दुसऱ्या दुपारपर्यंत टिकले. जेवण झाल्यावर भाऊजी उशी घेऊन माझ्यासमोर आडवे झाले. "हं, विष्णुपंत, सुरू करा. काल आपण तुषारापाशी होतो ना?" तुहिनापर्यंत ते घोरू लागले!

आईने ही गोष्ट कौतुकाने साऱ्या आळीत सांगितली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दात येणारे, रडून लालबुंद झालेले नातवंड घेऊन आल्या आणि ते माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "विष्णू, जरा तुझा बर्फ सांग रे याला."

आता खोटे कशाला बोलू? प्रालेयापर्यंत जायची गरजच पडली नाही. पोर हिमालाच झोपले.