हळू आलेली गाडी

नांदेडच्या आमच्या गल्लीत एखादी गाडी अगदी हळू वळली, की अजूनही माझे हात घागर शोधू लागतात.

त्या दुष्काळात आम्ही उदगीरला होतो. उदगीर जिल्हा होणार अशी नुसतीच बोलवा होती, नळाला पाणी मात्र नव्हतं. अप्पांनी हौसेनं घेतलेली लाल, जोरात पळणारी छोटी गाडी शाळेला, बाजाराला आणि आता पाण्यालाही जायची. आई ओरडायची, "दमानं चालवा हो, गाडी हाय, इमान न्हाई!" अप्पा कुठले ऐकतात! पण मागं फडकं बांधलेल्या भरल्या घागरी असल्या, की तीच गाडी बैलगाडीसारखी यायची. जोरात आली तर पाणी नाही, हळू आली तर मिळालं, हे आम्हा बहिणींना आवाजावरूनच कळायचं.

पुढं आईला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. एका संध्याकाळी गाडी कधी नव्हे इतकी हळू आली. आम्ही रिकामी भांडी घेऊन हसत धावलो. मागच्या सीटवर आई होती, तोंडावरून चादर ओढलेली.

अप्पांच्या हातून स्टिअरिंग सुटेना.

"हळूच आणलं गं," ते म्हणाले. "तिला जोरात चालवलेलं आवडत न्हाई."