मधल्या वावराचा वाटा

प्रा. अभिमन पाटील यांची आणि माझी पहिली भेट धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयातल्या स्टाफरूममध्ये झाली. मी अर्थशास्त्र शिकवायला नुकती रुजू झाले होते, ते राज्यशास्त्राचे. त्यांच्या खुर्चीमागे आशियाचा नकाशा होता आणि त्यावर तांबड्या शाईने वायूच्या पाइपलाइनी ओढलेल्या होत्या. नाव विचारण्याआधी त्यांनी विचारले, "मॅडम, तुमच्या घरचा गॅस कुठून येतो?"

"एजन्सीतून. आणि सिलिंडरमधला गॅस वेगळा, तुमच्या नकाशावरचा नैसर्गिक वायू वेगळा."

त्यांनी नकाशाकडे वळून पाहिले. "बरोबर. मग प्रश्नच बदलायला हवा."

त्यांनी तो खरोखर बदलला. पुढे प्रत्येक नव्या वर्गाला ते विचारत, "युरिया कुठून येतो?" मुले ओरडत, "गावच्या सोसायटीतून, सर!" "आणि सोसायटीत?" "ट्रकमधून!" हशा ओसरला की सर सांगत, युरिया नैसर्गिक वायूपासून तयार होतो, त्यातला बराच वायू परदेशातून येतो, आणि म्हणून आखातातली एक सामुद्रधुनी अडली तर त्याची झळ धरणगावच्या कपाशीपर्यंत पोहोचते. राज्यशास्त्राचा तास कंटाळवाणा असतो असे म्हणणारे विद्यार्थी मला सरांच्या वर्गातले कधी भेटले नाहीत.

सरांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. तुर्कमेनिस्तानातून किंवा इराणमधून निघालेला वायू आपल्यापर्यंत जमिनीवरून यायचा, तर तो मधल्या देशांतून येणार. त्या देशांनी नळ बंद केला तर? या भीतीपोटी अशा योजना वर्षानुवर्षे रखडल्या. सरांचे म्हणणे असे, की मधल्या देशाला नुसते भाडे देऊ नका. त्याच पाइपलाइनीतला वायू द्या. त्याची चूल त्यावर पेटली की तो ती पाइपलाइन स्वतःहून राखील. याच विषयावरच्या त्यांच्या पुस्तकाचा हा गाभा होता. मला तो भाबडा वाटे, आणि मी तसे त्यांना तोंडावर सांगत असे. ते रागावत नसत.

या मताची परीक्षा त्यांच्या घरातच झाली. सरांची वडिलोपार्जित शेती चोपड्याकडची. धाकटे बंधू सुकलालभाऊ ती कसतात. नदीकाठच्या विहिरीचे पाणी दूरच्या केळीबागेत न्यायचे, तर पाइपलाइन इतरांच्या वावरांखालून घालावी लागते. आमच्याकडे हे सर्रास चालते. पाटलांची पाइपलाइन आत्माराम आबा या शेजाऱ्यांच्या वावराखालून जात होती. एका उन्हाळ्यात आबांनी ती अडवली. नेमके त्याच दिवशी आम्ही दोघे चोपड्याला सरांच्या व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यान संपताच सुकलालभाऊ थेट व्यासपीठाशी आले. घरात सरांना नाना म्हणतात.

"नाना, बठ्ठा जगन्या पाइपलाइनी तुमले ठाऊक शेतस. आते घरनी बंद पडनी, ती चालू करी दखाडा!"

नुकत्याच निसवलेल्या, घड बाहेर पडलेल्या केळीला त्या उन्हात पाणी नाही म्हणजे वर्षाची बाग गेली. आम्ही तसेच वावरात गेलो. आबा बांधावर बसले होते. उठले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमनं पानी मना वावरखालथून जास, आनि मनं वावर कोरडं. हाई कोनता न्याय शे?"

"आबा, काय घेवानं ते घ्या ना," सुकलालभाऊ म्हणाले.

"माले पैसा नको. पानी जोयजे."

"पानी? मंग मन्या केळी काय वारा खातीन?"

सुकलालभाऊंना पोलिसांत जायचे होते. सर थोरले, शब्द त्यांचा चालणार होता. त्यांनी आबांच्या वावरात व्हॉल्व्ह बसवून पाण्याची पाळी ठरवून दिली. संध्याकाळपर्यंत बागेत पाणी पोहोचले. परतताना सर प्रसन्न होते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आबांनीही केळी लावली होती. आता त्यांची पाळी पुरेना. त्यांनी वाढवून मागितली आणि व्हॉल्व्ह त्यांच्याच वावरात असल्याने नाही म्हणणे कुणाला जमले नाही. सुकलालभाऊंना बागेचा एक तुकडा मोडावा लागला. ते सरांशी बोलेनासे झाले. सर गावी गेले की ते मळ्यात निघून जात.

सरांनी त्यानंतर जे केले, त्यामुळेच मी त्यांच्या गौरवग्रंथात हा लेख लिहायला होकार दिला. महाविद्यालयातल्या पुढच्याच व्याख्यानात त्यांनी हा सारा प्रसंग नावानिशी सांगितला आणि म्हणाले, "मधला माणूस भागीदार झाला की त्याची तहानही वाढते. हे मी माझ्या पुस्तकात धरलेले नाही. ते पुस्तक अर्धे आहे." समोर त्यांचेच विद्यार्थी होते. नव्या आवृत्तीत त्यांनी दुसऱ्या स्रोतावर, म्हणजे जहाजाने येणारा वायू, साठवण आणि घरचे उत्पादन यांवर एक प्रकरण वाढवले. आणि सुटीत गावी राहून बागेच्या कडेची बुजलेली जुनी विहीर उपसायला घेतली. पहिले काही दिवस ते मजुरांसोबत एकटेच उभे असत. एका सकाळी सुकलालभाऊ येऊन म्हणाले, "नाना, तुमले गाळ काढता येस नहीं. सरका." त्या दिवसापासून दोघे बोलू लागले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अलीकडे रस्त्याच्या कामात खोदयंत्राने ती पाइपलाइन फोडली, तेव्हा यंत्रासमोर जाऊन उभे राहिले ते आबा. त्यांनीच काम थांबवले, त्यांनीच सुकलालभाऊंना फोन केला. सरांचे पहिले मतही अगदी खोटे नव्हते. हे मी आजवर त्यांच्यासमोर कबूल केलेले नाही, इथे करते.

सरांच्या स्वभावाविषयी थोडेच लिहिते, कारण त्यांना स्तुती आवडत नाही आणि मला ती जमत नाही. माझे पती रुग्णालयात होते, तेव्हा न सांगता त्यांनी माझे तास घेतले. अर्थशास्त्र चुकीचे शिकवले नाही, याची मी नंतर विद्यार्थ्यांना विचारून खात्री केली. असोद्याच्या एका विद्यार्थिनीला वडिलांनी पुढे शिकवायचे नाकारले, तेव्हा सर त्यांच्या घरी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा नुसत्या केळीच्या भावावर बोलून परत आले. चौथ्या वेळी वडीलच तिला प्रवेशासाठी घेऊन आले.

युरोपात पाइपलाइनी बंद पडल्या आणि समुद्राखाली फोडल्याही गेल्या, तेव्हा अनेकांनी सरांना फोन करून विचारले, "आता काय म्हणता?" पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी त्याचे उत्तर लिहायला घेतले आहे. पहिली काही पाने त्यांनी मला वाचायला दिली. मधल्या शेजाऱ्याला वगळून कोणतीही सुरक्षितता टिकत नाही, असे ते आजही म्हणतात. फक्त आता ते त्याच्या जोडीला घरची विहीरही ठेवतात. त्यातली निदान तीन विधाने मला मान्य नाहीत. माझे आक्षेप लेखी तयार होत आहेत आणि ते बरेच लांबणार आहेत. सरांना उत्तम प्रकृती आणि भरपूर वर्षे मिळोत. उत्तर मला त्यांच्याचकडून हवे आहे.