पोटरीतला गोळा

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला दुष्काळ होता. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर पहाटे यायचा, पण नेमका कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं.

समोर राहणाऱ्या कापड दुकानदारांना शुगर होती. रात्री त्यांच्या पोटरीत गोळा यायचा, पाय लाकडासारखा ताठ व्हायचा. डॉक्टरांनाही कारण सापडेना. मग ते उठून गल्लीत फेऱ्या मारत राहायचे आणि टँकर दिसला की सगळ्यांची दारं वाजवायचे, "उठा हो, गंगा आली!"

लई दुखतं का, असं विचारलं की हसायचे. "पाय झोपू देत न्हाई, मग पहारा तरी करावं म्हणलं."

एका पहाटे हाक आलीच नाही. टँकर येऊन निघून गेला होता. मनात नको ते आलं. आई आणि मी त्यांच्या दाराशी धावलो. त्यांच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. लई दिसांनी डोळा लागलाय ह्यांचा."

आत ते शांत घोरत होते. आईने जमलेल्या बायकांना खुणेनेच गप्प केलं आणि रिकामी घागर उचलून पलीकडच्या गल्लीत पाणी मागायला निघाली. भांड्याला भांडं लागू न देता बायकाही तिच्यामागे गेल्या.