समोर केलेली सही

सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये एकाही मराठी माणसाला वरच्या मजल्यावरच्या काकांशिवाय स्वतःची सही करता येत नाही. पुण्यातला फ्लॅट विकायचा असो की भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असो, भारतीय वकिलातीत जाताना काका सोबत असतातच, बोलावलेलं नसलं तरी. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या प्रत्येकाला तोच पाठ देतो: "तिथला अधिकारी केंद्र सरकारचा. त्याच्यासमोर केलेली सही महाराष्ट्रातल्या कचेरीला मानावीच लागते. पण समोर केलेली, बरं का! घरून करून आणाल तर त्या कागदात भजी बांधा." एका इंजिनिअरने वेळ वाचवायला घरीच सही उरकली होती. काकांनी तो कागद स्टेशनवरच फाडला आणि नवा छापून आणायला लावला. शिवाय आजची सही जुन्या सहीशी जुळलीच पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा नियम. त्यासाठी ते लोकांना खालच्या कॉफीशॉपमध्ये बसवून टिश्यूपेपरवर सराव करायला लावत.

मग त्यांचाच उजवा हात कापायला लागला. त्याच सुमारास सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. दोघा भावंडांच्या नावावरचा तिथला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि तिचे गुडघे गेलेले. तो विकून तिला तळमजल्यावर जागा घ्यायची होती. डॉक्टरांनी काकांना विमानप्रवासाची मनाई केली होती, म्हणून त्यांचं मुखत्यारपत्र हवं होतं. काका वकिलातीत गेले नाहीत. रोज सकाळी सही करून बघत आणि टिश्यू चुरगळत. "आजची माझी नाही," म्हणत. नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागायची, "आजोबा, जस्ट साइन ला!" बहीण फोनवर म्हणायची, "दादा, खालची जागा हातची जाईल रे."

"हात जरा स्थिर होऊ दे."

तो होणार नव्हता, हे आम्हाला दिसत होतं. सांगितलं कुणीच नाही.

शेवटी बहीण जिन्यात पडली. त्यानंतर तिला पायावर उभं राहता आलं नाही. त्याच आठवड्यात मी काकांना घेऊन गेलो. काउंटरवर त्यांची सही कागदभर सांडली. "ये मॅच नहीं होती," काका ओशाळून म्हणाले. अधिकाऱ्याने पासपोर्टवरचा फोटो पाहिला, मग काकांचा चेहरा. "अंकल, मेरे सामने की है ना? फिर आपकी ही है." आणि शिक्का मारला. काका इतकी वर्षं आम्हाला हेच तर शिकवत होते.

सांगलीच्या कचेरीने काही न विचारता तो कागद मानला. फ्लॅट विकला गेला, तळमजल्यावरची दुसरी एक जागा मिळाली. बहिणीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. त्या संध्याकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली, "दादा, तो जिना एकदा चालत उतरायचा होता रे."

काका अजून सगळ्यांसोबत जातात. पाठ तोच आहे, टिश्यूवरचा सराव मात्र बंद झालाय. आणि कुणी "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणालं, की चपला घालून त्याच्या दाराशी उभे राहतात.