पाय घासणारं गाढव

कारखान्यात तिला सगळे ‘बाई’ म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच राहिली. घरात माणसं दोनच, ती आणि तिची थोरली ताई. आईवडील लवकर गेले आणि दोघींची लग्नं राहून गेली. का राहून गेली, याची उत्तरं शेजारपाजाऱ्यांकडे ढीगभर होती, या दोघींकडे एकही नव्हतं. ताई पोस्टाच्या काउंटरवर बसायची आणि धाकटी जनावरं चालवायची.

जनावरं लाकडाची. दोरी बांधून मुलांनी मागे ओढत न्यायची ती. इतर कारखान्यांची अशी जनावरं फळीवर खिळून उभी असतात आणि चाकांवरून घरंगळत येतात. कपाटाला चाकं लावली आणि त्याला शेपूट चिकटवलं, असा सगळा प्रकार. धाकटीची जनावरं चालायची. तिच्या बदकाचं ढुंगण बदकासारखंच हलायचं, ससा दोन उड्या मारून क्षणभर थबकायचा, आणि अस्वल असं झुलत यायचं की बघणाऱ्यालाच जांभई यावी. यात जादूबिदू काही नव्हती. चाकाचा आस ती मधेच वाकवायची. चाक फिरलं की वाकलेला भाग खालीवर व्हायचा आणि त्याला जोडलेली दांडी पाय उचलायची. इतकंच. पण आस नेमका कुठे आणि किती वाकवायचा, यात तिची हयात गेली होती.

त्यासाठी ती जनावरांच्या मागेमागे हिंडायची. ओल्या मातीतले ठसे बघायची, मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतो की थोडा अलीकडे, हे काडी लावून तपासायची. मग आपल्या खोलीत येऊन, गुडघ्यांना चिंध्या गुंडाळून, स्वतः चार पायांवर चालून बघायची. मालक नवा होता तेव्हा एकदा न विचारता आत आला आणि बाईंना जमिनीवर बघून दचकला.

“काही हरवलंय का, बाई?”

“नाही. घोडा आहे. दार लावा, वारा येतोय.”

तेव्हापासून तो दार वाजवून येऊ लागला.

मग ताईने लग्न केलं. निवृत्त झाल्यावर, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर! चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेली. दुकानातल्या विधुर गृहस्थाने तिला नंबर नीट लागला नाही, नंबर नीट लागला नाही, असं करत इतक्या वेळा बोलावलं की शेवटी ताईच्या लक्षात आलं, दोष डोळ्यांत नाही. धाकटी हे ऐकून आधी हसली, आणि मग बातमी खरी आहे हे कळल्यावर तिने तोंड फिरवलं. “या वयात ही कसली थेरं? लोक काय म्हणतील?” असं ती चक्क बोलून गेली. लोकांच्या म्हणण्यावर दोघी जन्मभर हसत आल्या होत्या, आणि आता तेच वाक्य तिच्या तोंडून निघालं. ताई एवढंच म्हणाली, “म्हणू देत.” धाकटी लग्नाला गेली, साक्षीदार म्हणून सही केली आणि डोकं दुखतंय म्हणून लवकर परतली. ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेली.

घर खायला उठलं. आतापर्यंत ताई आधी घरी यायची, त्यामुळे धाकटीने कधी किल्ली जवळ बाळगली नव्हती. आता रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून पिशवीत किल्ली शोधायची आणि किल्ली सापडेपर्यंत तिचे डोळे भरून यायचे. ती काही रडूबाई नव्हती. पण दार आतून उघडणारं कुणी नसलं की घर आपलं वाटत नाही, आणि हे तिला फार उशिरा कळलं होतं. रविवारी ताईचा फोन यायचा.

“जेवलीस?”

“हो.”

“काय केलं होतंस?”

“जेवण.”

ताई बिचारी दोन मिनिटं आपल्याच मनाने काहीबाही बोलायची आणि फोन ठेवायची. फोन ठेवला की धाकटीला वाटायचं, आपण बोलायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्या दिवसांत तिने गाढव करायला घेतलं. दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून म्हणा, पण इतका जीव तिने आधी कशातच ओतला नव्हता. वीटभट्टीवरच्या गाढवांमागे ती उन्हातान्हात फिरली. गाढव आधी मागचा पाय टाकतं, मग त्याच बाजूचा पुढचा, मग पलीकडचा मागचा, मग त्या बाजूचा पुढचा. मान प्रत्येक पावलाला जरा खाली जाते. कान मात्र कुणाचं ऐकत नाहीत, ते आपल्या लयीत हलतात. धाकटीने कान सैल खिळ्यावर टांगले आणि ते तसेच हलू लागले.

“अडला हरी, गाढवाचे पाय धरी,” दार वाजवून आत आलेला मालक हसत म्हणाला. बाईंनी तेव्हा खरोखरच गाढवाचे पाय हातात धरले होते आणि त्यांवर कानस चालवत होत्या.

गाढव बाजारात गेलं आणि हातोहात खपलं. आणि मग तक्रारी आल्या. मालक या वेळी दार न वाजवताच आत आला.

“बाई, तुमचं गाढव फार चांगलं झालंय.”

“मग?”

“मग काय, हीच तक्रार आहे! पोरं पुढे बघतच नाहीत. दोरी धरून उलटी चालतात, गाढवाकडे तोंड करून. आपटतात. एकाची हनुवटी फुटली, टाके पडले. दुकानदार माल परत पाठवायला लागलेत.”

“मुलं चालायला शिकताना पडतातच.”

“पडतात, पण आपल्या गाढवापायी नकोत. पुढच्या खेपेला पाय पक्के ठोकून टाकू. नुसतं घरंगळू दे. मग कोण बघतंय त्याच्याकडे?”

धाकटीने कानस खाली ठेवली. घरी कुणी नाही, आता हेही खुंटीसारखं उभं करणार. “मला थोडे दिवस द्या,” ती म्हणाली. आजवर तिने मालकाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तो गडबडला. “महिनाअखेरपर्यंत बघा,” म्हणाला आणि गेला.

कारखान्याच्या आवारात कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. धाकटी तिथे जाऊन कोपऱ्यात बसू लागली. नुकतीच चालायला लागलेली एक गुबगुबीत मुलगी होती, तिला सगळे पिटुकली म्हणत. पिटुकलीच्या हातात दोरी दिली की ती दोन पावलं टाकी, गर्रकन वळे, गाढवाकडे बघे, पुन्हा दोन पावलं, पुन्हा वळे, आणि तिसऱ्यांदा हमखास बूड टेके. धाकटीला वाटलं होतं, मुलं गाढवाचं चालणं बघायला वळतात. दोनचार दिवस नीट बघितल्यावर तिला कळलं की तसं नाही. पिटुकली वळायची ती गाढव अजून येतंय ना, हे बघायला. आपल्यामागे ते आहे की मधेच थांबून राहिलं? एवढीच तिला काळजी.

म्हणजे न बघता कळलं पाहिजे. म्हणजे आवाज हवा.

आधी तिने गाढवाच्या गळ्यात घुंगरू बांधलं. पिटुकली, काय वाजलं म्हणून, जास्तच वळू लागली. मग पोटाखाली दातेरी चकती बसवली, तिच्यावर लाकडी पट्टी टकटकटक अशी वाजे. पहिल्या दिवशी पिटुकली बिचकली, दुसऱ्या दिवशी तिने कान झाकले. पाळणाघरातली मावशी म्हणाली, “बाई, हे गाढव आहे की शिवणयंत्र?” धाकटी वरवर हसली. महिना संपत आला होता.

अशात एका सकाळी ती घरातून निघाली. तिच्या घरापासून बसस्टॉपपर्यंत एक बोळ आहे, एकामागे एक चालावं इतपतच रुंद. धाकटी नेहमीसारखी तरातरा पुढे चालली होती, डोक्यात चकत्या आणि पट्ट्या. आणि चालता चालता, मान न वळवता, ती मोठ्याने म्हणाली, “अगं, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलंस का?”

उत्तर आलं नाही. तिने वळून बघितलं. मागे भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई होती, चपला घासत येत होती. ती बिचारी गोंधळून थांबली. “मला म्हणालात?”

“नाही, नाही,” धाकटी म्हणाली आणि भिंतीला चिकटून तिला पुढे जाऊ दिलं. तिचे कान लाजेने तापले होते. टप, सर्र. टप, सर्र. ती बाई पुढे निघून गेली. अगदी ताईची चाल. ताईला पाय घासायची खोडच होती. “पाय उचलून टाक गं, चपला काय झाडाला लागतात?” असं धाकटी पुढे चालता चालता कितीदा ओरडली असेल. आणि तो सर्र आवाज मागे आहे म्हणून तर ती इतकी वर्षं न वळता बोलत आली होती, बाजारभावापासून मालकाच्या नकलांपर्यंत सगळं. ताई आहे की नाही, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. बघायची गरज नव्हती.

तिने चकती काढून टाकली. मागच्या डाव्या खुराला चामड्याचा तुकडा लावला आणि तो पाय इतरांपेक्षा किंचित उशिरा, जमिनीला घासत येईल असा आस पुन्हा वाकवला. टप, सर्र.

पिटुकलीने दोरी धरली. दोन पावलं टाकली, थांबली, कान दिला. वळली नाही. आणखी दोन. मग सरळ पाळणाघराच्या दारापर्यंत गेली, उंबऱ्यापाशी वाकून खाली बघितलं, पाय बाहेर टाकला आणि आवारात चालू लागली, एकटीच, काहीतरी बडबडत. गाढव मागून टप, सर्र करत गेलं.

“जिंकलात, बाई!” मालक म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनेही वाजवल्या. गाढवाचे पाय वाचले होते, आणि तसाच नवा माल त्याच आठवड्यात दुकानांत जाणार होता. पण त्या पायांकडे, त्या मानेकडे, त्या कानांकडे आता कुणीच बघत नव्हतं, आणि याचं तिला इतकं वाईट वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्या रविवारी तिने फोनची वाट बघितली नाही. स्वतःच केला. “ताई, मी एक गाढव केलंय. बघायला येतेस?”

मग ताई म्हणाली, “आरशात बघून केलंस का?”

कितीतरी महिन्यांनी धाकटी पोट धरून हसली.

ताई आली. घरभर नजर फिरवून म्हणाली, “पडदे धुवायला झालेत.” जेवली, दाजींच्या घोरण्याची नक्कल केली, आणि मग गाढवाची दोरी धरून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ओढत गेली. धाकटीची नजर गाढवाच्या पायांवर होती.

“अगं, याचा एक पाय बिघडलाय. लंगडतंय बिचारं.”

“लंगडत नाही. पाय घासतं. तुझ्यासारखं.”

ताई गाढवाकडे बघत राहिली. “माझ्यासारखं होय,” म्हणाली, आणि दोरी नीट गुंडाळून गाढव टेबलावर ठेवलं.

बसची वेळ झाली. धाकटी गॅस बंद आहे का ते बघायला आत गेली, तेवढ्यात ताई जिना उतरून पुढे निघाली. धाकटी बोळात शिरली तेव्हा ताई तिच्या पुढे होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती पुढे होती. आणि धाकटीचे डोळे सवयीने चालीवर गेले.

डावा गुडघा वाकतच नव्हता. ताई तो पाय कमरेतून फिरवून, बाहेरून पुढे आणत होती. उचलता येत नव्हता म्हणून चप्पल घासत होती. पाय टेकायच्या आधी खांदा झुकायचा, दात आवळल्यासारखी मान ताठ व्हायची, आणि हात अलगद भिंतीला लागायचा. प्रत्येक पावलाला. कुठल्याही गाढवात धाकटीला हे दुसऱ्या पावलालाच दिसलं असतं. खोड म्हणे! दुखणं होतं ते. आणि तेच दुखणं तिने चामडं लावून, आस वाकवून, नेमकं त्याच लयीत गावभरच्या मुलांच्या मागे लावून दिलं होतं.

स्टॉपवर तिने ताईला गाठलं.

“गुडघा कधीपासून दुखतोय?”

“हा? झाली की बरीच वर्षं. पोस्टात होते तेव्हापासूनच.”

“मला का नाही सांगितलंस?”

ताईने खरंच विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “तू पुढे असायचीस ना,” ती म्हणाली. “ओरडून काय सांगायचं रस्त्यात?”

बस आली. “मी येते तुझ्याबरोबर तिथवर,” धाकटी म्हणाली.

“कशाला? हे येतात स्टॉपवर उतरवून घ्यायला. तू जा घरी.” ताईने दांडा धरला, उजवा पाय आधी वर टाकला आणि डावा मागून ओढून घेतला. धाकटीने तिच्या कोपराला हात लावेपर्यंत ती चढलीही होती.

बस सुटली. काचेतून ताईचं डोकं दिसत होतं, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. धाकटीने हात वर केला. ताईने मागे वळून बघितलं नाही. धाकटी मागे उभी असणार, हे तिला ठाऊकच होतं. बस वळणापलीकडे गेल्यावर धाकटीने हात खाली घेतला आणि ती घरी निघाली.