आरोग्याच्या बाई आणि सत्तावीस डब्या

भोरच्या आमच्या आळीत सगळ्यात चांगली मिश्री मी भाजायचे, आणि मिशनच्या प्राथमिक शाळेत मिश्रीचे दुष्परिणामही मीच शिकवायचे.

दोन्ही कामं मी मनापासून करत होते, त्यामुळे कोणाची काही तक्रार नव्हती. गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. शाळेत लागून दोन वर्षं झाली तरी माझी नोकरी हंगामीच होती. मी कायम होणार की घरी बसणार, हे पुण्याहून तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाईंच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. मला ती नोकरी फार फार हवी होती! रोज साडेदहाला पदर खोचून घराबाहेर पडायला मिळतं, हे सुख काय असतं ते घरात सासू असलेल्या बाईलाच कळेल.

माझ्या वाट्याला विषय आला होता ‘आरोग्य आणि सुसंस्कार’. (आला म्हणजे काय, बाकीच्या कोणाला नको होता!) प्रार्थना झाली की नखं, नखं झाली की दात, दात झाले की डोक्यातल्या उवा, आणि मग वेळ उरला तर ‘नेहमी खरे बोलावे’. प्रत्येक मुलाच्या छातीवर टाचणीने रुमाल लावलेला असायचा. शिंक आली की रुमाल नाकावर धरायचा, ही कवायत मी इतकी करून घेतली होती की पोरं खोकल्यालाही रुमाल काढायची आणि रडायलाही.

घरी गेलं की मी वेगळी बाई. सासूबाईंना मिश्री लागायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची; मग सकाळी उठून बोटाने दातांना लावत त्या अर्धा तास उंबऱ्यात बसायच्या. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी तवा माझ्यापुढे सरकवला. मी घाबरत घाबरत भाजली. त्यांनी चिमूटभर लावून पाहिली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “प्रभूची दया! पोरगी शिकलेली हाय, तरी हात चांगला हाय.”

झालं! शेजारच्या तानूबाईंनी चव घेतली, तानूबाईंकडून आळीने घेतली. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या चुलीपाशी तंबाखूच्या पुड्यांची रांग लागायला लागली. मी स्वतः कधी चिमूटभरही तोंडात घातली नाही. (आचाऱ्याने कुठे जेवायचं असतं?)

तर त्या शनिवारी वर्गात मिश्रीचा धडा होता. फळ्यावर मी असा काही किडका जबडा काढला की पहिल्या बाकावरच्या दोन पोरी रडल्या. तेवढ्यात कुसुम उभी राहिली. कुसुम चौथीतली, शाळेच्या मंत्रिमंडळातली आरोग्यमंत्री. उंची खुंटीएवढी, आवाज तहसीलदाराचा.

“बाई, तुमी भाजता ती मिश्री बी वाईटच का?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. नेहमी खरे बोलावे!

“हो,” मी म्हणाले, “तीही वाईटच.” आणि घाईघाईने गृहपाठ दिला, “सोमवारपर्यंत घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना मिश्रीचे तोटे समजावून सांगा.”

सोमवारी माझ्या टेबलावर सत्तावीस डब्या होत्या.

“कुसुम, हे काय?”

“मिश्री. आख्ख्या आळीची.”

“अगं, मी समजावून सांगायला सांगितलं होतं!”

“समजावून सांगायला लई येळ लागतो, बाई. आमी डब्याच आणल्या.”

आळीतला वाणी एकच, त्यामुळे सगळ्यांच्या डब्याही एकसारख्या, खोकल्याच्या गोळ्यांच्या, पिवळ्या. त्यातली एक मात्र मी झाकणावरच्या पोच्यावरून लगेच ओळखली.

“ही... ही कुठून आणलीस?”

“तुमच्या घरून. आजी देत न्हवत्या. मग म्या म्हनलं, बाईंनीच सांगितलंय.” असं म्हणून तिने सत्तावीसच्या सत्तावीस डब्या मोजून वर्गातल्या कपाटात ठेवल्या.

संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. सकाळपासून तिथेच होत्या म्हणे.

“ये, सूनबाई, ये,” त्या म्हणाल्या. “तुज्या शाळेनं माजं पोट बांधलं. मिश्रीबिगर मला परसाकडं होत न्हाई, ठाव हाय ना तुला? का त्ये बी पुस्तकात लिवलेलं न्हाई?”

आळीत तर आकांत होता. एकीची भाजी खारट झाली, दुसरीने नवऱ्याला कधी नव्हे ते उलट उत्तर दिलं, आणि तानूबाईंनी स्वतःच्याच कोंबडीला शिव्या घातल्या. आमचे हे एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपवून आले, आईचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं, आणि चहा न पिताच डेपोत परत गेले.

“आत्याबाई, चुकलं माझं,” मी हात जोडले. “उद्या मधल्या सुट्टीत शाळेत या. गुपचूप डबी देते. कोणाला सांगू मात्र नका!”

“म्या कुनाला सांगतीय!” सासूबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी शाळेत पोचते तो ओट्यावर मोठ्या बाई! न कळवता पहिल्या गाडीने यायचं ही त्यांची पद्धतच होती. पांढरं पातळ, जाड चष्मा, हातात काळी वही. त्यांनी नखं पाहिली, दात पाहिले, उवा शोधल्या (सापडल्या नाहीत, देव पावला!) आणि मग कपाट उघडलं.

“या कसल्या डब्या?”

मी तोंड उघडायच्या आत कुसुम उभी! “मिश्रीच्या. लोकांची वाईट सवय सुटावी म्हनून आमी जप्त केल्या. बाईंनी शिकवलं.”

मोठ्या बाईंचा चेहरा एकदम उजळला. दोन वर्षांत मी तो उजळलेला पाहिला नव्हता. “याला म्हणतात शिक्षण!” त्या म्हणाल्या. “पुस्तकातलं घरापर्यंत पोचलं पाहिजे. बाई, मी आजच तुमच्या कायम नेमणुकीची शिफारस करते.” त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.

सासूबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त तानूबाईंना सांगितलं होतं. फाटकातून सगळी आळी आत आली! पुढे सासूबाई, चर्चला जायचं लुगडं नेसून.

“सलाम, बाई,” सासूबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या. “आमच्या डब्या न्यायला आलोय. हिनंच बोलावलंय आमाला.”

मोठ्या बाईंचं पेन थांबलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मीच लावलेला तक्ता होता, ‘नेहमी खरे बोलावे’. तिकडूनही मदतीची आशा नव्हती.

तोवर बायकांनी कपाटाला हात घातला होता.

“आगं, पन कुठली कुनाची? सगळ्या सारक्याच!”

“सरका,” तानूबाई म्हणाल्या. “म्या चवीवर सांगते.”

त्यांनी पहिली डबी उघडली, चिमूट घेतली, दाताला लावली. “थू! ही जळलीया. शेवंताची, दुसरी कुनाची आसनार!” दुसरी उघडली. लावली. आणि तानूबाईंचे डोळे मिटले.

“ही बाईंच्या हातची!”

“दे इकडं, माजी हाय ती!”

“तुजी कशी? म्या बी बाईंकडूनच भाजून घेते!”

“ही बी बाईंचीच की! आन ही बी!”

डब्यांमागून डब्या उघडत गेल्या. शेवंता सोडून सगळी आळी माझीच गिऱ्हाईक निघाली! मी डोळ्यांनी, हातांनी, भुवयांनी खुणा करत होते, बघतंय कोण?

“कोणत्या बाई?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“ह्याच,” कुसुमने माझ्याकडे बोट केलं. (खरं बोलायला मीच शिकवलं होतं ना!) “दर शुक्रवारी भाजत्यात.”

“पन एक चिमूट तोंडात घातली न्हाई हां पोरीनं!” सासूबाई माझ्या मदतीला धावल्या. “नुसती भाजतीया. आन भाजावी तर तिनंच! तुमी जरा लावून बगता का?”

असं म्हणून त्यांनी उघडी डबी थेट मोठ्या बाईंच्या नाकाखाली धरली. मी ती ओढायला गेले. डबी उडाली! तिच्या धक्क्याने तानूबाईंच्या हातातली, तानूबाईंच्या कोपराने शेवंताची... वर्गभर काळा धुरळा पसरला. मोठ्या बाईंनी अशी शिंक दिली की चष्मा वहीवर पडला.

“रुमाल!” कुसुम ओरडली.

आणि चाळीस पोरांनी एका क्षणात टाचणी सोडवून चाळीस रुमाल चाळीस नाकांवर धरले. एकही शिंक उघड्यावर गेली नाही. उघड्यावर शिंकत होतो ते आम्हीच: आळी, मोठ्या बाई, सासूबाई आणि आरोग्याच्या बाई. एका पोरीने स्वतःचा रुमाल मोठ्या बाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, नाक पुसलं आणि किती तरी वेळ त्या रुमालांच्या रांगेकडे बघत राहिल्या. मग वही मिटून दुपारच्या गाडीने निघून गेल्या.

मी घरी येऊन ढसाढसा रडले. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. “रडू नगं. नोकरी गेली तर मिश्रीचं दुकान टाकू.” त्यावर मी आणखीनच रडले.

पंधरा दिवसांनी शेरा आला. हेडबाईंनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. “मुलांना सवयी उत्तम लागल्या आहेत. सबब बाईंना कायम करण्यास हरकत नाही. मात्र आरोग्य हा विषय ताबडतोब दुसऱ्या कोणाकडे द्यावा. बाईंच्या हातात कौशल्य असल्याची खात्री झाली आहे. त्यांच्याकडे शिवणकाम आणि भरतकाम सोपवावे.”

ते मी निवृत्त होईपर्यंत, सत्तावीस वर्षं शिकवलं. सुईत दोरा मात्र मला अजूनही ओवता येत नाही.